एकही नवं भोक नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या गल्लीत बोलायचं तर ओरडावं लागतं. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला ग्राइंडर, समोर पत्र्यावर पडणारी हातोडी. शेडमध्ये चार स्टँडवर चढवलेली फियाट अकराशे डिलाइट उभी आहे, चारही चाकं काढलेली. पुढच्या उजव्या चाकाच्या जागी मेस्त्री लाकडी पाटावर बसलेत आणि एका जाड लोखंडी ब्रॅकेटवरचा कीस फुंकून उडवतायत.

आजचं सगळं काम या ब्रॅकेटवर अवलंबून आहे. कंपनीनं या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक दिले होते. पन्हाळ्याच्या उतारावर दोनचार वळणं सलग ब्रेक दाबला की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी पुढेच सरकत राहते. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायच्या आहेत. डिस्क आणि कॅलिपर अलीकडच्या छोट्या मोटारीचे. ते फियाटच्या नकलला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला, सरळ बसत नाहीत, म्हणून मधे हा ब्रॅकेट. तो शेजारच्या मिलिंगवर करून आणलाय आणि त्याची भोकं अशी आखलीत की जुन्या ड्रमची मागची प्लेट ज्या बोल्टांवर होती त्याच बोल्टांवर तो बसावा.

"नकलला भोक मारलं असतं तर तासाभराचं काम होतं," मेस्त्री म्हणतात. "पर मग ती गाडी आबांची राहिली नसती."

आबा म्हणजे गाडीचे मूळ मालक. त्यांची नात माझ्या शेजारी उभी आहे. हातात जुनं नोंदणी पुस्तक, कडा झिजलेल्या. ती नोकरीला पुण्यात असते आणि गाडीसाठी सुट्टी काढून आलीय. आजीला याच गाडीतून ज्योतिबाला न्यायचं तिनं कबूल केलंय.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. डिलाइट १९६४ पासून. पुढं तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर नियमानं बाद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरली. खासगी गाड्या मात्र अशा शेडांमधून अजून नीट जगतायत, आणि त्यांचं पुढं काय होणार हे फार करून मेस्त्रीच्या हातावर ठरतं.

ते कसं बिघडतं त्याचा नमुना शेडच्या कोपऱ्यात उभा आहे. तीही फियाट. मागचा मालक हौशी असावा. मोठी अलॉय चाकं बसावीत म्हणून चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी कापल्यात. गाडी खाली बसावी म्हणून पुढच्या स्प्रिंगा कापल्यात. सगळ्यात वाईट अवस्था डॅशबोर्डची. या गाड्यांचा डॅशबोर्ड अख्ख्या पत्र्याचा, बॉडीच्याच रंगातला. त्याच्या ऐन मध्यावर म्युझिक सिस्टीमसाठी कटरनं चौकोन पाडलाय. कडा वाकड्यातिकड्या, एका कोपऱ्यातून चीर थेट ग्लोव्ह बॉक्सपर्यंत गेलेली. मी बोट फिरवायला जातो.

"हात कापंल," पत्र्याचं काम करणारा पोरगा मला अडवतो. "त्यो जोडायलाच आठवडा जातोय बघा."

माझं मत पक्कं आहे. जुन्या गाडीत बदल करणं हा गुन्हा नाही. ती रस्त्यावर चालायची असेल तर आजच्या रहदारीत थांबता आलं पाहिजे, रात्री दिसलं पाहिजे, सिग्नलला गरम होऊन बंद पडता कामा नये. पण केलेला बदल उद्या कुणाला काढावासा वाटला तर पान्यानं निघाला पाहिजे. कटरनं केलेला बदल काढता येत नाही.

मेस्त्रींकडे त्यासाठी पत्र्याची एक ट्रंक आहे. या गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू तिच्यात जाते, सुतळीनं बांधून, चिठ्ठी लावून. ड्रम, ब्रेक शू, जुना मास्टर सिलिंडर, डायनॅमो. गाडी जाईल तिथं ट्रंक जाणार, असा त्यांचा आग्रह.

डायनॅमोची जागा आता अल्टरनेटरनं घेतलीय. डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, त्यामुळं सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे पडायचे. मेस्त्री बॉनेट वर करून मला वायरमनचं काम दाखवतात. बाजूच्या पत्र्यावर जुन्या रेग्युलेटरची काळी डबी जागच्या जागी आहे, स्क्रूही जुनेच. अल्टरनेटरला तिची गरज नाही, त्याचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. मेस्त्री डबीचं झाकण काढतात. आत दोन टर्मिनल तांब्याच्या पट्टीनं जोडलीत, बाकी रिकामं. जुनी वायर जशी यायची तशीच येते आणि या डबीतून पुढं जाते.

"उद्या डायनॅमो परत लावायचा म्हटलं तर पट्टी काढा, जुनं मशीन ठेवा, झालं."

डिस्ट्रिब्युटरचं झाकणही बाहेरून जुनंच दिसतं. आतले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवलाय. पेट्रोलच्या पाइपा सगळ्या बदलल्यात, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि त्यात जुनं रबर फुगून मऊ पडतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही त्याच कारणानं नवा. हे सगळं दिसणारच नाही असं आहे, आणि मला तेच फार आवडलंय. इंजिनाला मात्र हात लावलेला नाही. तेच १०८९ सीसीचं, ठोकलेला नंबर तोच.

"यात मारुतीचं इंजिन बसतंय असं लोक सांगतात मामा," नात म्हणते.

"बसतंय की. बसवणारे हाईत." मेस्त्री मान वर न करता बोलतात. "मग पुस्तकातला नंबर आन गाडीतला नंबर जुळायचा न्हाई. आरटीओत काय सांगनार?"

ते बरोबरच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करायला मोकळीक देत नाही. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आहे, पहिल्या वेळचं शुल्क वीस हजार रुपये, आणि तिथं अटच आहे की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत. नातीनं ती नोंदणी अजून घेतलेली नाही, कारण ती पाटी लागली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पण तिला तो दरवाजा बंदही करायचा नाहीय.

एवढ्यात ब्रॅकेट बसतो. बोल्ट हातानं शेवटपर्यंत जातात, जबरदस्ती कुठंच नाही. त्यावर कॅलिपर. मग मेस्त्री मूळ चौदा इंची रिम चढवून हातानं गरकन फिरवतात आणि कान लावतात. रिम कॅलिपरला घासत नाही. जुनी क्रोमची व्हील कॅप वर ठोकली की आत डिस्क आहे हे कुणाला कळणारही नाही.

आता हवा काढायची. मास्टर सिलिंडर नवा आहे, दोन सर्किटांचा. जुन्या एकेरी सिलिंडरमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जायचा, यात निदान दोन चाकं हाताशी राहतात. शिवाय ड्रमच्या सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो बरा, डिस्कला नको, पॅड कायम घासत राहतात. जुनाच सिलिंडर ठेवून डिस्क लावणारे इथं फसतात.

पोरगं सीटवर. मेस्त्री मागच्या डाव्या चाकाखाली, सर्वांत लांबच्या. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत.

"मार... मार... मार... धर!"

"धरलं!"

पान्याचा पाव फेरा. नळीतून ऑइल सुटतं, मधे मधे बुडबुडे. "सोडू नकोस रं." निपल बंद. "सोड." पुन्हा तेच. बुडबुडे बारीक होत जातात, मग तुरळक, मग नळीत नुसती सोनेरी धार. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेवटी नात स्वतः आत बसून पेडल दाबते आणि तिचे डोळे मोठे होतात.

"घट्ट लागतंय की मामा! आबांच्या वेळी खाली फळीपर्यंत जायचं."

गाडी खाली उतरते. ती चालवतेय, मेस्त्री शेजारी, मी मागं. पुढचं सीट सलग, बाकासारखं, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. तो फ्लोअरवर आणायचा सल्ला तिला बऱ्याच जणांनी दिलाय. तिनं फक्त लिंकेजचे बुश बदलून घेतलेत, आणि आता गिअर हलक्या हातानं पडतायत. बागल चौकाकडे निघताना रिक्षावाला मुद्दाम वेग कमी करून बघतो. मोकळा पट्टा दिसताच मेस्त्री म्हणतात, "मारा ब्रेक." गाडी सरळ रेषेत उभी राहते. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. सातआठ वेळा.

शेडशी परत आल्यावर मेस्त्री इंजिन बंद करू देतात, उतरतात आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ वाकून आळीपाळीनं हाताची मागची बाजू धरतात. डावीकडे हात राहतो. उजवीकडे लगेच मागं घेतात.

"हिकडचा पॅड धरून बसलाय."

चाक पुन्हा निघतं. कॅलिपर किंचित तिरका बसलाय, डिस्कच्या एका अंगाला घासल्याची कड दिसते. मेस्त्री ब्रॅकेट सोडवतात, सरळ पट्टी लावून उजेडाला धरतात आणि खडूनं एका कोपऱ्यावर खूण करतात.

"मिलिंगवाल्याकडं जा. हितं अर्धा मिलिमीटर उतरव म्हणावं. जास्त न्हाई." पोरगं ब्रॅकेट घेऊन पळतं. "ताई, आज गाडी देत न्हाई मी. उद्या पन्हाळ्याच्या उतारावर मी स्वतः घालून बघतो, मग न्या."

नात तिथूनच फोन लावते. ग्राइंडरच्या आवाजात तिला दोनदा सांगावं लागतं. "आजी, या रविवारी नाही. पुढच्या रविवारी. हो, याच गाडीनं!"