परवान्यावरचे पिस्तूल आणि त्यातले फेरबदल

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, घोडा पुन्हा ताणणे आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत चढवणे ही कामे त्या गोळीच्याच धक्क्याने आपोआप होतात. पिस्तुलाच्या वरच्या भागात मागेपुढे सरकणारे पोलादी आवरण असते, त्याला स्लाइड म्हणतात. ही रचना आज सर्रास दिसते ती बऱ्याच अंशी जॉन ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकी कारागिराच्या कल्पनेतून आली. त्याच्या आराखड्यावर कोल्ट कंपनीने बनवलेले .४५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. एम १९११ या नावाने ते १९८५ पर्यंत त्या सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर द्यूदोने सैव्ह याने पूर्ण केलेले ९ मिमीचे हाय-पॉवर १९३५ मध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने ते मोठ्या संख्येने बनवले. भारतीय सैन्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारे ९ मिमी १ए हे पिस्तूलही त्याच घराण्यातले आहे.

अशा जुन्या पिस्तुलांत दोन प्रकारची यंत्रणा आढळते. .४५ किंवा ९ मिमीसारख्या जोरदार काडतुसासाठी नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे सरकतात आणि दाब उतरल्यावर सुटतात. .३२ बोअरच्या छोट्या पिस्तुलात हे कुलूप नसते. तिथे स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण यांवरच सगळा भार असतो. म्हणून .३२ च्या पिस्तुलाची स्प्रिंग ढिली पडली किंवा तिच्या जागी भलतीच बसवली, तर स्लाइड वाजवीपेक्षा जोराने मागे आदळते आणि सांगाड्याला चिरा जाऊ शकतात. हौशी फेरबदलांचा विचार करताना हा मुद्दा सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवा.

भारतातल्या सामान्य नागरिकासमोर मात्र पहिला प्रश्न बोअरचा असतो. ९ मिमी आणि .४५ हे बोअर निषिद्ध वर्गात धरले जातात आणि त्यांचे परवाने केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे सिनेमातून ओळखीचे झालेले एम १९११ किंवा हाय-पॉवर बाळगण्याची वाट बहुतेकांसाठी बंदच असते. स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेल्याच्या हाती येते ते साधारणपणे .३२ चे हत्यार, मग ते ईशापूरचे ‘अशनी’ असो किंवा एखादे जुने परदेशी पिस्तूल. खासगी व्यक्तींसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्याआधी देशात आलेली वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग किंवा कोल्टची .३२ पिस्तुलेच आजही एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात. त्यांच्या चढ्या किमतीचे कारण या टंचाईत आहे. दर्जा दरवेळी त्या किमतीइतका असतोच असे नाही. काडतुसे बहुधा देशी असतात. पुण्याजवळच्या खडकीच्या जुन्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या काडतुसाच्या बुडावर इंग्रजी ‘केएफ’ ही अक्षरे असतात.

परवाना मिळतो तो १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार. छत्रपती संभाजीनगरच्या कडेला असलेल्या चिकलठाण्याच्या माणसाने अर्ज कुठे करायचा, हे तो नेमका कुठे राहतो यावर ठरते. चिकलठाण्याचा विमानतळ, औद्योगिक वसाहत आणि आसपासची वस्ती छत्रपती संभाजीनगर शहरात मोडते, आणि शहर आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. चिकलठाण्याच्याच नावाचे पोलीस ठाणे मात्र ग्रामीण पोलिसांकडे आहे. त्याच्या हद्दीतल्या गावांतल्या अर्जदाराचा परवाना जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी, देतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे लागते. पोलीस चौकशी होते आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. गरज पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. ही कडक चाळणी योग्यच आहे, कारण घरात आलेले पिस्तूल घरातल्या प्रत्येकाच्या जवळ आलेले असते.

चिकलठाण्याच्या परिसराला कायद्याची वेगळी पार्श्वभूमी आहे. ब्रिटिशांचा १८७८ चा शस्त्र कायदा त्यांच्या मुलखासाठी होता. चिकलठाणा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिले. सध्याचा देशव्यापी अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यानंतर एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या हत्यारांच्या संख्येवरची मर्यादा हळूहळू आवळत गेली. १९८३ मध्ये ती तीनवर आली आणि डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर. वारशाने आलेले हत्यारही या दोनांतच मोजले जाते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली.

अमेरिकेत जुने एम १९११ घेऊन ते मनासारखे करवून घेणे हा मोठा छंद आहे. मूळ पिस्तूल चिखलात, धुळीत चालावे म्हणून सुट्या भागांत जागा ठेवून बनवलेले होते. त्याच्या नेम धरायच्या खुणा (साइट) बारीक होत्या आणि घोड्याचे टोक काहींच्या हाताला चावत असे. म्हणून तिथले कारागीर ठळक साइट बसवतात, मुठीवरची सेफ्टी रुंद करतात, नळी घट्ट बसवतात, चाप हलका करतात. भारतात यातले फार थोडे करता येते. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी पट्ट्या बदलणे किंवा चांगले म्यान शिवून घेणे यात अडचण नाही. झिजलेली स्प्रिंग किंवा मोडलेली साइट त्याच मापाच्या भागाने बदलता येते, पण तेही दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र दुकानातच. त्यापलीकडे कायद्याची रेघ ठळक आहे. अधिनियमाचे कलम ६ नळी आखूड करण्याला मनाई करते, आणि २०१९ पासून एका वर्गातले हत्यार दुसऱ्या वर्गात रूपांतरित करण्यालाही. .३२ चे पिस्तूल ९ मिमीचे करणे हा या मनाईचा सरळ भंग आहे. त्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. विनापरवाना हत्यार बनवण्यालाही हीच शिक्षा आहे.

चिकलठाण्यात ही गोष्ट स्पष्ट बोलण्याची विशेष गरज आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीत आणि शहराच्या इतर भागांत सुटे भाग घडवणाऱ्या लहानमोठ्या कार्यशाळा आहेत. मायक्रॉनच्या हिशेबात काम करणारे लेथ आणि सीएनसी यंत्रे तिथे रोज चालतात. पिस्तुलाची एखादी पिन किंवा घोडा तिथल्या कुशल कामगाराला अशक्य नाही, आणि ओळखीच्या परवानाधारकाने ‘एवढा भाग करून द्या’ म्हटले तर ते साधे जॉबवर्क वाटू शकते. पण कलम ५ नुसार हत्यार बनवणे, दुरुस्त करणे, त्यात बदल करणे यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि हत्याराच्या सुट्या भागांची गणनाही कायद्याने हत्यारातच होते. अशा वेळी मालकाचा परवाना कामगाराला वाचवत नाही.

आणखी एक धोका नकळत घडतो. गंज काढून पिस्तुलाला नवी निळसर-काळी झळाळी देताना पृष्ठभाग घासावा लागतो. त्यात अनुक्रमांक पुसट झाला तर कलम ८ लागू होते. खूण पुसलेले हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे सिद्ध करणे त्याच्यावर येते. जाणकार संग्राहकही जुन्या पिस्तुलाची मूळ झळाळी डागाळलेली असली तरी तशीच ठेवतात. घासून चकचकीत केलेल्या हत्याराला त्यांच्या लेखी मोल उरत नाही.

हाताच्या मापाने पिस्तूल घडवण्याची कला महाराष्ट्रात बहरली आहे ती नेमबाजीच्या खेळात. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल वापरतात. साठ गोळ्यांपैकी शेवटच्या तीस द्रुत टप्प्यात असतात. हात खाली, ४५ अंशांत. लक्ष्य तीन सेकंद खुले. तेवढ्यात हात उचलून नेम धरून एक गोळी. मग सात सेकंदांची उसंत. तीन सेकंदांत साइट जुळवत बसायला वेळच नसतो. हात वर येताच त्या आपोआप रेषेत याव्यात म्हणून अक्रोडाच्या लाकडाची मूठ नेमबाजाच्या बोटांप्रमाणे कोरतात, कानशीने घासतात, लुगदी भरून पुन्हा आकार देतात. याला नियमांची चौकट आहे. चाप ओढायला किमान एक किलो जोर लागलाच पाहिजे, नळी १५३ मिमीहून लांब नको, पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमच्या आत हवे आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉन विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पुण्याच्या खडकीची अनिसा सय्यद आणि राही यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारात जोडीने सुवर्ण जिंकले होते. नामवंत नेमबाजांना हत्यारे आणि काडतुसे आयात करण्याची सवलतही आहे. ज्याला पिस्तुलाच्या घडणीत खरोखर रस आहे, त्याच्यासाठी वरळी किंवा बालेवाडीच्या रेंजची वाट घरच्या कपाटातल्या हत्यारापेक्षा कितीतरी समृद्ध आहे.

जुन्या पिस्तुलाची निगा सोपी आहे, पण नियमित हवी. मराठवाड्यात उन्हाळ्याची धूळ तेलात मिसळून स्लाइडच्या खाचांत बसते, म्हणून तेल अगदी पातळ लावावे. चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवून देऊ नये, कारण चामडे पावसाळ्यात ओल धरते आणि गंज चढतो. हत्यार रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवावीत. चिकलठाणा विमानतळावरून प्रवास करताना परवानाधारकालाही पिस्तूल केबिनमध्ये नेता येत नाही. ते रिकामे करून, आधी जाहीर करून मालाच्या कप्प्यात द्यावे लागते. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार केल्यास परवाना असूनही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवानाधारकाच्या निधनानंतर अनेक घरांत पिस्तूल आठवण म्हणून कपाटात राहून जाते. त्या क्षणापासून ते बेकायदा असते. वारसांनी विलंब न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी आणि हवे असल्यास वारसा परवान्यासाठी स्वतःच्या नावाने अर्ज करावा.