सात हजार दोनशे भागिले नऊशे

7,200 भागिले 900 बरोबर 8. भागाकार चोख आहे, कॅल्सीवर करून बघा. पण याच उत्तरापायी 2025 च्या सप्टेंबरात माझी आई तीन तास देवापुढे बसून होती.

झालं असं, की दादा एम.एस.साठी लंडनला निघाला. मुंबईहून दुपारी दीडचं विमान. आईचा मला होस्टेलवर फोन, "अरे, तू इंजिनिअर होणार ना? मग सांग बघू, दादा किती वाजता पोचेल?" मी मेसच्या रांगेत. अंतर माहीत, स्पीड माहीत. ठोकून दिलं, "आपले रात्रीचे साडेनऊ." साडेनऊ झाले, दहा झाले, अकरा झाले... दादाचा फोन आला साडेबाराला!

दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून हिशोब मांडला.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई-लंडन रेषेचा मध्य सिरिया-तुर्कस्तानच्या आसपास येतो. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा, म्हणजे तो पार वर, जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळ सरकतो. तोच खरा जवळचा रस्ता आणि माझे 7,200 कि.मी. त्याचेच. गोची अशी, की हा दोरा पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झालं आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. दादाचं विमान भारतीय कंपनीचं, म्हणजे वळसा आलाच. त्यासाठी मी 400 कि.मी. जादा धरले.

आता खरी मेख. विमानाचा ताशी 900 हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे! नाव आणि प्रवाहाची गणितं शाळेत घोकली होती, पण ऐन वेळी आठवतील तर शपथ. दहा-बारा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना ते तोंडावर येतात. सरासरी 80 चा उलटा वारा धरला तर जमिनीवरचा वेग उरतो 820. मग 7,600 भागिले 820, म्हणजे सव्वानऊ तास. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या मिळवा. झाले की जवळजवळ दहा! वर इमिग्रेशनची रांग, ती आपल्या मेसपेक्षा मोठी असते असं दादा म्हणतो. परत येताना हाच वारा पाठीवर असतो, म्हणून साधारण तासभर वाचतो.

हे सगळं आईला फोनवर समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तिकिटावर तर दीडला निघून संध्याकाळी सातला पोचणार असं लिहिलंय. म्हणजे साडेपाचच तास ना रे?"

घड्याळातल्या साडेचार तासांच्या फरकाचं लेक्चर मग वेगळं द्यावं लागलं.