तांब्याच्या तळचा गाळ

सोनाराच्या दुकानातील केरकचरा विकत घेऊन, तो धुऊन गाळून त्यातील सोन्याचे कण वेचणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहेत. तांबे शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतही असाच उद्योग चालतो. मात्र तेथील केरात सोन्यारुप्याखेरीज आणखीही काही दडलेले असते.

भट्टीतून निघालेले तांबे शेकडा ९९ भाग शुद्ध असले, तरी विजेच्या तारांना तेवढी शुद्धता पुरत नाही. म्हणून त्याचे जाड पत्रे ओतून ते मोरचूद व गंधकाम्ल यांच्या द्रावणात टांगतात व त्यातून वीज सोडतात. जाड पत्र्यातील तांबे विरघळून समोरच्या पातळ पत्र्यावर शुद्ध रूपात चढते. निकेलसारखे हीण द्रावणातच राहते. सोने, रुपे, प्लॅटिनम, सेलेनियम व टेल्युरियम मात्र न विरघळता काळ्या चिखलाच्या रूपाने हौदाच्या तळाशी बसतात.

ह्या चिखलातील उरलेसुरले तांबे प्रथम आम्लाने काढून घेतात. मग तो भाजला म्हणजे सेलेनियम वाफेबरोबर निघते व ती वाफ पाण्यात अडविता येते. टेल्युरियम वेगळे केल्यावर अखेरीस सोन्यारुप्याची मिश्र लगड हाती लागते. काम जपून करावे लागते. टेल्युरियमचा अंश जरी पोटात गेला, तरी माणसाच्या श्वासाला कित्येक दिवस लसणाचा दर्प येतो!

सेलेनियमचा शोधही गाळातूनच लागला. १८१७ साली स्वीडनमधील ग्रिप्सहोल्म येथील गंधकाम्लाच्या कारखान्यात साचलेला तांबूस गाळ बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने तपासला. प्रथम त्याला तो टेल्युरियमच वाटला. पुढे ते निराळे मूलद्रव्य ठरले. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडलेले; म्हणून त्याने ह्याला चंद्राचे नाव दिले.

टेल्युरियमची स्वतंत्र खाण जगात क्वचितच आढळते. त्याचा नऊ-दशांशाहून अधिक पुरवठा ह्याच गाळातून होतो. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या एका जातीच्या पट्ट्यांत ते कॅडमियमबरोबर वापरतात. परंतु केवळ टेल्युरियमसाठी तांबे कोण गाळील? शिवाय हलक्या खनिजाचे ढीग रचून त्यांवर आम्ल झिरपविण्याची स्वस्त रीत आता अनेक ठिकाणी रूढ आहे. तीत तांबे द्रावणात उतरते, टेल्युरियम उतरत नाही. तेथील हौदांच्या तळाशी काळा गाळ धरत नाही आणि टेल्युरियम ढिगाऱ्यातच पडून राहते.