भेदरं आणि बरणी

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पुस्तकात वाचलेली मुलं आता संसाराला लागली आहेत. भाव पडला म्हणून भरबाजारात स्वतःचाच माल तुडवणारा तो बाप विसरता येत नाही. मे २०२३ मध्ये नाशिक भागात टोमॅटो दोन-तीन रुपये किलोवर घसरला आणि शेतकऱ्यांनी कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतले. जुलैत शहरात त्याच टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली. अशा वेळी वाटतं, कैरीसारखी भेदराचीही (विदर्भातलं हे नाव मला फार आवडतं) बेगमी आपल्या घरांत का रुजली नाही?

कारण लोणच्याचा हात इथे चालत नाही. कच्च्या कैरीचा सामू तीनच्या आसपास असतो, पिकल्या टोमॅटोचा साधारण ४.३ ते ४.९. धोक्याची रेषा आहे ४.६ वर. सामू तिच्या वर गेला, की हवाबंद बाटलीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ जिवाणूचे बीजाणू रुजून जीवघेणं विष तयार करू शकतात. नुसत्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत, आणि विष झालं तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. लोणच्यावर तेलाचा थर शोभतो, कारण मीठ आणि आंबटपणा यांनी राखण आधीच केलेली असते. टोमॅटोच्या गरावर ओतलेलं तेल फक्त हवा अडवतं, आणि या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं.

उपाय स्वस्त आहे: लिटरभर गराला अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड. फार आंबट वाटलं तर साखर घालावी. सोडा कधीही नाही, तो ही राखणच मोडून टाकतो. कांदा-लसूण बाटली उघडल्यावर, फोडणीत. हवाबंद झाकणाची अर्ध्या लिटरची काचेची बरणी भरली, की ती पाण्यात पूर्ण बुडवून मुंबईत ३५ मिनिटं उकळावी, पुण्यात ४०. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून. तशी झाकणं नसतील तर गर सरळ फ्रीझरमध्ये ठेवावा.

ही उकळण्याची रीत फ्रान्सच्या निकोला अपेरची. १८१० मध्ये त्याला तिच्यासाठी १२,००० फ्रँक मिळाले, तेव्हा पाश्चर जन्मलाही नव्हता. अन्न का टिकतं हे अपेरला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे, म्हणून अंदाजावर भागवू नये.

गर पातळ होतो, ही आणखी एक तक्रार. टोमॅटो चिरला की त्यातली विकरं पेक्टिन तोडू लागतात. कच्चा वाटून ठेवला तर दाटपणा जातो. चिरता चिरता गरम पातेल्यात टाकला तर विकरं निकामी होतात आणि गर दाट राहतो. पातेलं स्टीलचं घ्यावं. कल्हई नसलेल्या पितळेला आंबट लावू नये, हे आज्या सांगत आल्याच आहेत.

बाकी सगळा खेळ पाण्याचा. टोमॅटोत विरघळलेले घन पदार्थ जेमतेम पाच टक्के. आपल्या अन्नमानकांनुसार प्युरीत ते किमान ९ टक्के हवेत, पेस्टमध्ये २५. म्हणजे पाच किलो रस आटवावा तेव्हा किलोभर पेस्ट हाती येते. केचपलाही २५ टक्केच लागतात, पण त्यात साखर मोजली जाते, म्हणून ते लवकर होतं. पेस्टसाठी तासन्‌तास गॅस जाळावा लागतो. सिसिलीतल्या बायका हेच काम उन्हाकडून करून घेतात: खारवलेला गर लाकडी फळ्यांवर पसरून, परतत परतत त्याचा विटकरी गोळा करतात, त्याला ‘स्त्रात्तू’ म्हणतात. कुरडया आणि सांडगे वाळवणारं आपलं एप्रिल-मेचं ऊनही त्या कामाला पुरेसं कडक आहे. मीठ लावलेल्या टोमॅटोच्या फोडी जाळीखाली वाळवल्या तर चामड्यासारख्या चिवट होतात. पहिल्या पावसाआधी त्या डब्यात गेल्या पाहिजेत, नाहीतर बुरशी धरतात.

वापरताना पेस्ट आधी तेलात परतावी. टोमॅटोचा लाल रंग, लायकोपीन, उष्णतेने मोकळा होतो आणि स्निग्धात विरघळतो. तेलाला लाल तवंग सुटला की पाणी आणि नारळाचं दूध घालून सार उकळायला ठेवावं. बरणीवर तारीख लिहावी. झाकण फुगलेलं दिसलं तर चवही न घेता ती टाकून द्यावी.