वसिष्ठ एकटा नाही

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरात, आयुध निर्माणीच्या वसाहतीचे दिवे मागे टाकून मोकळ्यावर आलं, की मे महिन्यात रात्री उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले दिसतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून अरुंधती. दोघांत 12 कलांचं, म्हणजे अंशाच्या पाचव्या भागाचं, अंतर. चांगल्या नजरेला एखाद्या कलेचंही अंतर कळतं, म्हणून लग्नात ही जोडी दाखवता येते.

आता वसिष्ठावर 60 मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण रोखा. तिथे एक नव्हे, दोन तारे आहेत! त्यांच्यातलं अंतर जेमतेम 14 विकला. 60 विकलांची एक कला.

ही करामत भिंगाच्या रुंदीची. प्रकाश लहरींनी येतो, भिंगाच्या कडेतून जाताना किंचित पसरतो आणि ताऱ्याची बारीक चकती उमटते. भिंग जितकं रुंद, तितकी चकती लहान. दोन चकत्या एकमेकींत मिसळल्या, की विशालन कितीही वाढवा, मोठा होतो तो फक्त धूसर ठिपका. 116 ला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागलं, की किती विकलांपर्यंत तारे सुटे दिसतील ते कळतं. 60 मिलिमीटरला सुमारे 2 विकला.

पुणे जिल्ह्यात गिरवलीला ‘आयुका’ या खगोलसंस्थेच्या दुर्बिणीचा 2 मीटरचा आरसा आहे. हिशेबाने त्याला 0.06 विकला जमायला हवं, पण थरथरती हवा एखाद्या विकलेपाशीच अडवते.

वसिष्ठाच्या त्या दोघांतला तेजस्वी ताराही जोडतारा आहे, हे खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगने 1889 मध्ये वर्णपटावरून जाहीर केलं. अंतर सुमारे 0.01 विकला! त्यासाठी साडेअकरा मीटरचा आरसा लागेल. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ पीझने 6 मीटर तुळईच्या टोकांना आरसे बसवले, त्यांचा प्रकाश एकत्र आणला आणि ते अंतर मोजलं. असे दोन आरसे असले, की अखंड आरशाच्या निम्मी रुंदीही पुरते. म्हणजे मधला आरसा नसला तरी टोकांमधलं अंतर कामी येतं.

खोडदची रेडिओ दुर्बीण याच तत्त्वावर उभी आहे. 21 सेंटिमीटरच्या लहरींसाठी तिथली 45 मीटरची एकटी थाळी इतकं ढोबळ पाहते, की वसिष्ठ-अरुंधतीएवढ्या अंतरावरचे दोन स्रोत तिला एकच वाटतील. म्हणून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी अशा 30 थाळ्या 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडल्या. सगळ्यांचे संकेत जुळवले, की 2 विकलांचा तपशील हाती येतो, अगदी 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीइतका. ही रेडिओलहर दृश्य प्रकाशाच्या लहरीपेक्षा सुमारे 4 लाख पट लांब, आणि 25 किलोमीटर म्हणजे 60 मिलिमीटरच्या सुमारे 4 लाख पट.