हार्ट अ‍ॅटॅकनंतर उंबऱ्याबाहेर
हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या माणसाला घरचे पलंगावरून हलू देत नाहीत. त्यामागे माया असते, पण शरीराला ती महागात पडते. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला ५ धडधाकट तरुणांना ३ आठवडे अंथरुणावर ठेवलं. त्यांचा दमसास इतका घसरला, की पुढची ३० वर्षं वय वाढूनही तेवढा घसरला नाही. मग दुखावलेल्या हृदयाची काय कथा? ‘पुन्हा झटका आला तर?’ ही भीती खोटी नाही; म्हणूनच डॉक्टरांना विचारून आधी घरातल्या घरात, मग सोसायटीच्या आवारात, असं बेताबेतानं चालायचं. दोन जिने धाप न लागता चढता येऊ लागले, की प्रवासाचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढावा. विमानातली हवा ८,००० फुटांवरच्याइतकी विरळ असू शकते, तेव्हा परवानगी हवीच. आणि जिभेखाली ठेवायची गोळी बॅगेत नको, वरच्या खिशात हवी.