एंटरप्राइजचं घराणं

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर आली, तेव्हा इथल्या प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक. त्यांच्या 'एंटरप्राइज' या यानाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढच्या मालिका आणि चित्रपट कालक्रमाने लावून पाहिले, तर मात्र यानांची एक सलग वंशावळ समोर येते. तिच्यातली नवलाची गोष्ट अशी की पहिली झेप सोडली तर वेग फारसा वाढत नाही. एका पिढीला जिथे ठेच लागली, तिथून पुढच्या पिढीचं यान घडतं.

क्षेपणास्त्रावर बसलेली सुरुवात

या विश्वात माणूस प्रकाशाच्या वेगापुढे जातो तो ५ एप्रिल २०६३ रोजी. तिसरं महायुद्ध होऊन गेलेलं आहे. झेफ्रम कॉक्रन नावाचा एक दारुडा संशोधक अमेरिकेतल्या माँटानात टायटन क्षेपणास्त्राच्या सांगाड्यावर 'फीनिक्स' हे यान बांधतो. मानवजातीचं भलं वगैरे त्याच्या डोक्यात नसतं, त्याला पैसे हवे असतात. जवळून जाणाऱ्या व्हल्कन यानाला या उड्डाणाची खूण दिसते आणि परग्रहवासी पहिल्यांदा पृथ्वीवर उतरतात.

वॉर्प इंजिनाची कल्पना थोडक्यात अशी: यानाभोवतीचं अवकाशच वाकवायचं, म्हणजे यानाला स्वतः प्रकाशाची मर्यादा ओलांडावी लागत नाही. त्यासाठी लागणारी ऊर्जा द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकमेकांवर आदळून मिळते, आणि ती आटोक्यात ठेवतात डायलिथियमचे स्फटिक. १९६६च्या सुरुवातीच्या एका भागात हे स्फटिक नुसते लिथियमचे होते. लिथियम हे खरंखुरं मूलद्रव्य असल्याने पुढे नाव बदललं. मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ साली अवकाश असं वाकवण्याचं गणित आइन्स्टाइनच्या समीकरणांत बसवून दाखवलं. त्याला ऋण ऊर्जा लागते, आणि ती एवढ्या प्रमाणात कुठून आणायची, हा प्रश्न आजही तसाच आहे.

अठ्ठ्याऐंशी वर्षांची वाट

फीनिक्सनंतर वॉर्प-५चं इंजिन असलेलं पहिलं यान, एनएक्स-०१, निघतं २१५१ साली. मधली वर्षं गेली ती बऱ्याच अंशी व्हल्कनांच्या सावधपणामुळे. माणसं अजून तयार नाहीत असं म्हणत ते ज्ञान हातचं राखून देतात. इंजिनाचा आराखडा करणारे हेन्री आर्चर ते उडालेलं पाहायला राहत नाहीत. यानाचा कॅप्टन होतो त्यांचा मुलगा.

जुन्या सूत्रानुसार वॉर्पच्या आकड्याचा घन म्हणजे प्रकाशवेगाची पट. वॉर्प-५ म्हणजे १२५ पट. या यानावर ऊर्जाकवच नाही, बाहेरच्या पत्र्यालाच विद्युतभारित करून काम भागवायचं. माणसाला अदृश्य करून दुसरीकडे प्रकट करणारा ट्रान्सपोर्टर आहे, पण त्यात पाय ठेवायला सगळे घाबरतात. या यानाची 'एंटरप्राइज' ही मालिका २००१मध्ये आली, म्हणजे १९६६च्या यानाचे पूर्वज त्याच्यानंतर पस्तीस वर्षांनी घडवायचे होते. पाणबुडीसारख्या अरुंद वाटा आणि उघडी यंत्रसामग्री वापरून कलादिग्दर्शकांनी ते बऱ्यापैकी साधलं.

कर्कचं यान असं का दिसतं

मूळ एंटरप्राइज कथेत २२४५ साली निघतं. कर्कच्या काळात त्यावर ४३० माणसं असतात. वॉर्प-६ हा नेहमीचा वेग, वॉर्प-८ अडचणीच्या वेळी, म्हणजे प्रकाशाच्या ५१२ पट. थाळीसारखा पुढचा भाग आणि मागे दांड्यांवर उचललेली दोन इंजिनं ही रचना मॅट जेफरीज यांची. ते स्वतः वैमानिक होते. इतकी प्रचंड शक्ती माणसांपासून लांब असावी, म्हणून त्यांनी इंजिनं दूर नेली.

ट्रान्सपोर्टरचा जन्म तर निव्वळ काटकसरीतून झाला. दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरताना दाखवणं निर्मात्यांना परवडणारं नव्हतं. पुढे याच यंत्रावर कित्येक कथा उभ्या राहिल्या.

फसलेलं इंजिन, टिकलेलं यान

१९८४च्या तिसऱ्या चित्रपटात 'एक्सेलसिअर' येतं, 'ट्रान्सवॉर्प' नावाचं नवं इंजिन घेऊन. सगळे त्याचे गोडवे गातात. कर्कचा जुना इंजिनिअर स्कॉटी चार सुटे भाग काढून खिशात घालतो आणि यान जागच्या जागी गचके खात बसतं. ट्रान्सवॉर्पचा तो प्रयोग पुढे कुठे दिसत नाही. यान मात्र दिसतं, आणि पाऊणशे-ऐंशी वर्षांनंतरही त्याच वर्गाची यानं सेवेत असतात. याचं खरं कारण असं की चित्रपटासाठी केलेली उत्तम प्रतिकृती हाताशी होती आणि १९८७च्या नव्या मालिकेने ती पुन्हा वापरली. पैसे वाचले, आणि विश्वाला एक खरेपणाही आला. कुठल्याही आरमारात नव्या जहाजांशेजारी जुनी उभी असतातच.

बायकामुलांसह निघालेलं यान

१९८७च्या त्या मालिकेतलं, कथेत २३६३चं एंटरप्राइज-डी म्हणजे या घराण्याच्या भरभराटीचा काळ. लांबी ६४२ मीटर, हजारावर माणसं, शाळा, कल्पित जग उभं करणारं होलोडेक, मागाल ते अन्न देणारं रेप्लिकेटर. अधिकाऱ्यांची कुटुंबं यानावरच राहतात. वॉर्पची मोजपट्टीही बदलली: आता वॉर्प-१० म्हणजे अनंत वेग, तिथे कुणी पोहोचू शकत नाही. आधीच्या मालिकेत आकडे चौदापर्यंत गेले होते, त्याला वेसण हवीच होती.

मला या यानात सर्वांत बोलकी वाटते ती शाळा. शत्रू आहेत, पण ते आपल्याला बुडवू शकत नाहीत, असा विश्वास असल्याशिवाय कुणी मुलांना घेऊन अज्ञातात जात नाही. हा विश्वास २३६७ साली वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळ मोडतो. बोर्ग या शत्रूचं एकच घनाकृती यान आपल्या आरमाराची, म्हणजे स्टारफ्लीटची, ३९ यानं नष्ट करतं. त्यातल्या 'साराटोगा'वरही कुटुंबं असतात. त्या यानाचा उपकप्तान बेंजामिन सिस्को मुलाला घेऊन वाचतो, बायको आतच राहते.

हाच सिस्को पुढे 'डिफायंट'च्या आराखड्यावर काम करतो. हे यान छोटं, बुटकं, सरळसरळ लढण्यासाठी बांधलेलं. मुलं नाहीत, ऐसपैस खोल्या नाहीत, झोपायला एकावर एक बर्थ. शक्ती इतकी ठासून भरलेली की चाचणीत ते स्वतःच मोडायला येतं आणि प्रकल्प गुंडाळला जातो. नवा शत्रू उभा राहिल्यावर सिस्कोच ते परत बाहेर काढतो. शाळेकडून बर्थकडे हा बदल चार-पाच वर्षांत होतो. तंत्रज्ञान इतिहासामागून कसं फरफटत जातं, हे या विश्वात याहून चांगलं कुठे दाखवलेलं नाही.

ताप आलेलं यान

२३७१ची 'व्हॉयेजर' आकाराने आटोपशीर आहे, आणि तिच्या संगणकात जिवंत चेतापेशी भरलेल्या जेलच्या पिशव्या आहेत. वेगाने विचार करणारं यान हवं होतं, ते आजारीही पडू शकतं हे नंतर कळलं. स्वयंपाक्याने केलेल्या चीजमधले जिवाणू या पिशव्यांना लागतात, आणि इलाज म्हणून यानाला चक्क ताप आणावा लागतो. कल्पना विनोदी आहे खरी, पण तर्काला धरून आहे.

वेगाचा हिशेबही इथेच करता येतो. घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलेल्या या यानाला परतायला ७५ वर्षं लागणार असतात, म्हणजे सरासरी प्रकाशाच्या सुमारे ९३० पट. कर्कच्या वॉर्प-८शी ताडून पाहिलं तर शतकभरात दुप्पटही वाढ नाही. अर्थात मालिकांमधले आकडे एकमेकांशी नेहमी जुळतातच असं नाही.

जे हातचं सुटलं

१९८७च्या मालिकेच्या १९९३मधल्या एका भागात कळतं की वॉर्प इंजिनांमुळे अवकाशाची वीणच विरते आहे, आणि वॉर्प-५ची मर्यादा घालण्यात येते. प्रदूषणाचा इतका चांगला धागा लेखकांनी थोड्याच काळात सोडून दिला. २०१७च्या 'डिस्कव्हरी'ने उलट टोक गाठलं: बुरशीच्या बीजाणूंच्या जाळ्यातून क्षणात कुठेही पोहोचणारं यान, तेही कर्कच्या आधी दहा वर्षं. मग ते पुढे कुणीच का वापरलं नाही? उत्तर देण्यासाठी यानाला नऊशेहून अधिक वर्षं भविष्यात पाठवावं लागलं आणि त्याचं नाव काढायलाही बंदी घालावी लागली.

हा प्रवास पडद्यावर पाहायचा असेल, तर सगळ्या मालिका संपवायची गरज नाही. २००१च्या 'एंटरप्राइज'चा पहिला भाग, १९८४चा चित्रपट, आणि सिस्कोच्या १९९३मधल्या 'डीप स्पेस नाइन' या मालिकेचा पहिला भाग, याच क्रमाने पाहा.